बाबुजींच्या कॉलरचा वास: जुन्या ओल्ड स्पाईसच्या शोधाचं एक प्रकरण

हिंगणघाटहून वडनेरकडे निघालं अन् हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागते. बसस्टँडपाशी माझं जनरल स्टोअर्स आहे, सतरा वर्षं झाली मी तिथं बसतो. ब्लेड, साबण, तेल, बांगड्या, वह्या सगळं ठेवतो आणि ओल्ड स्पाईस पण ठेवतो, म्हणजे दाढीनंतर गालाला लावायचा आफ्टरशेव्ह, ५० मिलीची अन् १०० मिलीची बाटली. हे प्रकरण माझ्या काउंटरवर सुरू झालं आणि जवळपास सहा महिने मी ते धरून बसलो होतो. कोणाला बाहेरदेशचा किंवा जुना आफ्टरशेव्ह शोधायचा असेल तर त्याचे काही महिने अन् काही हजार रुपये वाचावे म्हणून सगळं जसं झालं तसं लिहितो, माझ्या चुका पण.

दिवाळी आटोपल्यावर बाबुजी दुकानात आले. बाबुजी म्हणजे आमच्या गावचे रिटायर वायरमन, वय ७६, ऐंशीच्या दशकात कुवेतला होते, आणि ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा लाखभरापेक्षा जास्त भारतीय लोक जॉर्डनच्या अम्मानहून विमानानं परत आणले गेले त्यातले ते एक. गावात सगळे त्यांना बाबुजीच म्हणतात. मे महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न होतं. मी त्यांच्यापुढे नेहमीची लाल खोक्यातली बाटली ठेवली तर त्यांनी हातानं बाजूला सारली.

"हा नाही पाहिजे मले. कुवेतवाला पाहिजे."

"बाबुजी, कंपनी तेच आहे, नाव बी तेच आहे."

"नाव तेच आहे, वास तो नाही. काहून नाही येत तसा आता?"

मग त्यांनी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. पांढरी, दुधासारखी काच, हाताला जड, पुढून जहाजाचं चित्र अर्धं घासून गेलेलं, खाली बारीक अक्षरात जहाजाचं नाव ग्रँड टर्क, आणि मूळ झाकण कधीचंच हरवलेलं म्हणून तोंडाला सलाईनच्या बाटलीचं रबरी बूच. आतमध्ये वास म्हणावा असा काही उरला नव्हता, नाक लावलं तर रबराचाच वास यायचा. त्यांनी ती १९८७ मध्ये सुटीवर येताना आणली होती, हे पक्कं, कारण जुन्या पासपोर्टवर मुंबईचा त्या वर्षीचा शिक्का त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं पाहतो बाबुजी, आणून देतो.

मला वाटलं सोपं आहे. फॉरेनचा पाहिजे ना, फॉरेनचा आणू. इथंच पहिली चूक झाली, कारण फॉरेन म्हणजे काही एक देश नाही आणि ओल्ड स्पाईस म्हणजे काही एक माल नाही.

आधी मी नागपूरला इतवारीत गेलो. एका ठोक दुकानात मला 'दुबईचा ओरिजिनल माल' म्हणून १४०० रुपयाला एक बाटली मिळाली, पारदर्शक प्लास्टिकमध्ये कडक गुंडाळलेली. मी दुकानदार असून घाईत घेऊन टाकली. घरी येऊन पाहतो तर खोक्याच्या बुडावर जिथं एमआरपी अन् पॅकिंगचा महिना-वर्ष छापतात तेवढीच जागा खरवडलेली. ती आपलीच बाटली होती, भारतात बनलेली, माझ्या रॅकवर तीच उभी आहे. बाहेरून रीतसर आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं स्टिकर असावंच लागते, तो कायदा आहे, आणि मला तो रोजच्या धंद्यातून माहीत आहे. स्टिकर नाही म्हणजे माल एकतर बॅगेतून आलेला किंवा इथलाच, दोन्हीत तुम्हाला बिल भेटत नाही. ते पैसे गेले. पण त्यातून एक गोष्ट कामाची निघाली, ती ही की भारतीय बाटलीचं वय ओळखणं फार सोपं आहे, महिना-वर्ष छापलेलंच असते. बाहेरच्या जुन्या बाटलीला ती सोय नाही, तिचं वय काच, झाकण, चित्र अन् कंपनीचं नाव पाहून काढावं लागते.

ते शिकायला मला डिसेंबर अख्खा गेला. रात्री दुकान बंद केलं की मोबाईल घेऊन बसायचो. थोडक्यात इतिहास असा आहे. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ नावाच्या माणसानं १९३४ मध्ये अमेरिकेत शुल्टन कंपनी काढली. १९३७ मध्ये आधी बायांसाठीचा माल आला, पुरुषांचा ओल्ड स्पाईस १९३८ मध्ये. बाटलीवर जुनी शिडाची व्यापारी जहाजं, ग्रँड टर्क अन् फ्रेंडशिप ही त्यातली खरी जहाजांची नावं. सत्तरच्या दशकात शुल्टन ही अमेरिकन सायनामिड कंपनीत गेली, आणि १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं ओल्ड स्पाईस विकत घेतला. १९९२ मध्ये जहाजाच्या जागी यॉट आली. अमेरिकेत २००८ मध्ये मूळ वासाचं नाव 'क्लासिक सेंट' झालं, पांढरी काच गेली अन् प्लास्टिक आलं, करडं झाकण गेलं अन् लाल आलं. म्हणजे अमेरिकन बाटलीला करडं झाकण अन् काच असेल तर ती २००८ च्या आधीची, वरून जहाज अन् शुल्टनचं नाव असेल तर बहुतेक १९९० च्या आसपासची किंवा त्याच्याही मागची. आपल्याकडे मात्र काचेची बाटली नंतरही चालू राहिली, आणि लाइम, मस्क (कस्तुरी) असे वास आपल्याकडे जसे सहज भेटतात तसे तिकडे भेटत नाहीत म्हणून अमेरिकेतले शौकीन लोक भारतातली बाटली मागवून घेतात. हे वाचलं तेव्हा मी रॅककडे पाहिलं. जी वस्तू मी खोबऱ्याच्या तेलाशेजारी ठेवतो ती तिकडं कोणीतरी महिनोमहिने शोधून राहिला आहे.

बाबुजींची बाटली जहाजवाली, १९८७ ची, म्हणजे शुल्टनच्याच काळातली. मी धरून चाललो की ती अमेरिकन आहे. का धरून चाललो तर शुल्टन अमेरिकन, कुवेतमध्ये अमेरिकन माल, बस एवढंच. माझा चुलतभाऊ डॅलसला असतो, तो संक्रांतीला येणार होता. त्याला दोन कामं सांगितली, एक आजच्या प्लास्टिकच्या बाटलीचं, अन् दुसरं ऑनलाइन लिलावातून करड्या झाकणाची जहाजवाली जुनी बाटली घेण्याचं.

इथं पाठवण्याबद्दल सांगून ठेवतो कारण यात लोक फसतात. आफ्टरशेव्हमध्ये मुख्य अल्कोहोल असते, म्हणून तो पेट घेणारा द्रव धरला जातो आणि विमानाच्या पोस्टानं देशाबाहेर पाठवता येत नाही. कोणी विकणारा म्हणाला 'पाठवतो, पार्सलवर शाम्पू लिहितो' तर त्याच्याकडून घेऊ नका, पार्सल अडकते आणि ते चुकीचं पण आहे. सरळ रस्ता म्हणजे त्याच देशातल्या ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर मागवायचं आणि त्यानं चेक-इनच्या बॅगेत घेऊन यायचं. तिथं एका प्रवाशाला असल्या वस्तू सगळ्या मिळून २ लिटर किंवा २ किलोपर्यंत, अन् एक नग ५०० मिलीच्या आत, एवढी परवानगी असते. तोंडाला टेप, वरून दोन पन्नीच्या पिशव्या, मग कपड्याच्या मधात. भाऊनं तसंच आणलं, एक थेंब सांडला नाही.

जानेवारीत बाबुजींना दुकानात बोलावलं. तीन बाटल्या ठेवल्या, अमेरिकेची प्लास्टिकची, अमेरिकेची जुनी काचेची, आणि माझ्या शोकेसमधली भारतीय. त्यांनी एकामागं एक मनगटावर टाकल्या, नाकाला लावल्या.

"हा नाही. हा बी नाही. हा तर पाण्यावानी आहे."

"जुना तरी पाहा ना बाबुजी, तुमच्याच काळातला आहे."

"आंबट आहे बाप्पा हा. याच्यात काहीतरी खराब झालं."

मला लय वाईट वाटलं. भाऊनं डॉलर घातले, मी दोन महिने घातले अन् म्हातारा माणूस उठून चालला गेला. त्या रात्री बसून मी वहीत लिहिलं की ही तपासणी झाली कशी, तर लिहितानाच कळलं की ती तपासणी नव्हतीच. एक, बाबुजींच्या गालात खर्रा होता, तंबाखू-सुपारी-चुन्याच्या वासावर दालचिनी काय कळणार. दोन, तिन्ही एकाच हातावर, मिनिटामिनिटाच्या अंतरानं. तीन, आणि ही माझी चूक सगळ्यात मोठी, भारतीय बाटली मी शोकेसमधून उचलली होती, जी दोन उन्हाळे काचेमागं टिनाच्या छताखाली उभी होती. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ डिग्री असते, टिनाखाली त्याहून वाढीव. वासातला संत्रा-लिंबाचा भाग उष्णतेनं अन् उजेडानं सगळ्यात आधी बिघडतो. दुसऱ्या दिवशी एजन्सीतून ताजा नग आणला अन् शोकेसवाल्याशेजारी धरला, दोन्हीचं नाव एक, कंपनी एक, पण शोकेसवाला मेलेला. तेव्हापासून मी आफ्टरशेव्ह खालच्या बंद कप्प्यात ठेवतो.

मग फेब्रुवारीत मी बाबुजींची रिकामी बाटली पुन्हा मागून आणली. बुडाला काहीतरी उमटलेलं होतं पण पांढऱ्यावर पांढरं, दिसत नव्हतं. टॉर्च तिरपा मारून पाहिला, नाही जमलं. मग शाळेत आपण कागदाखाली चाराणे ठेवून वरून पेन्सिल घासायचो ते आठवलं. पोरीच्या वहीचं पातळ पान फाडलं, बुडावर घट्ट ताणलं, ४बी पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासली. आधी एक गोल कडा आली, मग मधात अक्षरं, आधी शुल्टन, त्याच्या खाली मेड इन ग्रेट ब्रिटन.

मी दोन वेळा घासून पाहिलं, तेच. म्हणजे तीन महिने मी चुकीचा देश शोधत होतो. शुल्टनची इंग्लंडमध्ये पण कंपनी होती, आणि आखातात इंग्लंडचा माल जाणं काही नवलाचं नाही. हे मला पहिल्या दिवशी पेन्सिलनं पाच मिनिटात कळलं असतं. बाहेरदेशचा माल शोधणाऱ्या कोणालाही मी आता पहिलं हेच सांगतो की मोबाईल उघडायच्या आधी बाटली उलटी करून बूड वाचा.

बाबुजींच्या घरी हे सांगायला गेलो तेव्हा खरी गोष्ट निघाली, आणि ती बाबुजींकडून नाही, मायकडून. माय म्हणजे त्यांची बायको, चुलीजवळ बसून भाकरी थापत होती, आमचं बोलणं ऐकून मधातच म्हणाली, "तुमी बाटलीचा वास कायले पाहता? तो वास शर्टाचा होता."

मी म्हटलं म्हणजे काय माय.

"हे सुटीवर आले की इनचे शर्ट मी पेटीत ठेवून देत होती. धुवून ठेवले तरी कॉलरले वास राहे. हे परत गेले की मी पेटी उघडून पाहत होती. तो वास. बाटलीतून येते तो तर डोळ्याले झोंबणारा होता, तो कोणाले पाहिजे."

बाबुजी गप्प बसले. नंतर म्हणाले, "हो, कॉलरच. रातपाळीहून आलो की शर्ट काढताना येई."

याच्यामुळं सगळं प्रकरण फिरलं. कोणताही आफ्टरशेव्ह घ्या, त्याचा वास एक नसतो, तो दिवसभर बदलत जातो. ओल्ड स्पाईसचंच पाहा, पहिले दहा मिनिटं अल्कोहोल उडते आणि त्याच्यासोबत संत्रा, लिंबू, बडीशेपेसारखा बादियान. मग तासभर मसाला, दालचिनी, जायफळ, अन् कार्नेशनच्या फुलाचा वास, जो अत्तरवाले लवंगेत असते त्या युजेनॉलवरच उभा करतात, म्हणून आपल्या नाकाला तो फूल कमी अन् सावजीच्या मसाल्याची पुरचुंडी जास्त वाटतो. आणि सगळ्यात शेवटी व्हॅनिला, लोबानासारखे डिंक, मस्क, हे जड असतात, ते कापडाला धरून बसतात, रात्रभर राहतात. मायला जो वास पाहिजे तो हा शेवटचा. जुन्या बाटलीत वरचा संत्रा-लिंबू आंबट होऊन गेलेला असतो म्हणून बाबुजींनी जानेवारीत ती नाकारली, पण बुडाचा भाग अशा बाटलीत पुष्कळदा टिकून राहते. म्हणजे बरोबर बाटली कदाचित आपल्याजवळ होती अन् आपण ती चुकीच्या मिनिटाला हुंगली.

तरी इंग्लंडवाली पाहिजेच होती. बाबुजींची भाची लेस्टरला नर्स आहे, ती एप्रिलमध्ये लग्नासाठी येणारच होती. तिला बाबुजींच्या बाटलीचे फोटो, पेन्सिलच्या कागदाचा फोटो पाठवला. इंग्लंडच्या आतल्या आत पोस्टानं आफ्टरशेव्ह जातो, देशाबाहेर नाही, म्हणून तिच्या घरी मागवायला अडचण नव्हती. तिनं तीन आठवड्यात दोन बाटल्या शोधून काढल्या, प्रश्न हा की घ्यायची कोणती. दुधी काचेतून आतला द्रव दिसत नाही. विकणारा लिहितो 'जवळपास भरलेली', पण कशावरून. इथं बाबुजींची रिकामी बाटली कामी आली. माझ्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती बूच काढून १७४ ग्रॅम भरली. भाचीनं दोन्ही विकणाऱ्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सांगा म्हटलं. एकानं उत्तरच दिलं नाही, दुसऱ्यानं झाकणासकट २५६ ग्रॅमचा फोटो पाठवला. झाकणाचे आठ-दहा ग्रॅम सोडा, म्हणजे बहात्तर-चौऱ्याहत्तर ग्रॅम द्रव, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं म्हणून ते साधारण ८० मिली. साचा तोच असेल तरच हा हिशोब चालतो, पण बुडाचा फोटो अक्षराला अक्षर जुळत होता. घेतली. आजच्या युरोपातली काचेची बाटली बाजूच्या गावच्या एका पोरानं जर्मनीहून आणली, त्यात सांगण्यासारखं एवढंच की युरोपात १९९९ नंतर हळूहळू नियम कडक झाले आणि २००५ पासून अंगाला ॲलर्जी होऊ शकते असे २६ वासाचे पदार्थ ठराविक प्रमाणाच्या वर असतील तर खोक्यावर नावानं लिहावे लागू लागले (२०२३ मध्ये ती यादी आणखी वाढवली), अमेरिकेच्या बाटलीवर नुसतं 'फ्रॅग्रन्स' लिहिलं की झालं. ज्याला चेहऱ्यावर पुरळ येते त्यानं म्हणून युरोपचं खोकं वाचावं.

एप्रिलच्या शेवटी दुसरी तपासणी केली, यावेळी नीट. बाबुजींच्या जुन्या सुती धोतराचे पाच चौकोन कापले, बिनवासाच्या पाण्यात उकळून वाळवले. प्रत्येकावर तीन थेंब, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा टाचला. पांढरा दोरा ताज्या भारतीयला, निळा अमेरिकेच्या प्लास्टिकवाल्याला, पिवळा जर्मनीहून आलेल्याला, हिरवा अमेरिकेच्या जुन्याला, लाल इंग्लंडच्या जुन्याला. कोणता दोरा कशाचा ते फक्त माझ्या वहीत. पाचही कापडं घरातल्या पाच वेगळ्या जागी टांगली, म्हणजे वास एकमेकाला लागू नये. बाबुजींनी सकाळपासून खर्रा बंद ठेवला, त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं. मी खोलीत थांबलो नाही, माझ्या चेहऱ्यावरून कळलं असतं, कापडं एक एक करून माझी पोरगी नेऊन देत होती.

दहा मिनिटांनी हिरवा अन् लाल बाबुजी अन् माय दोघांनीही नापास केले, दोन्ही आंबट. तेव्हा पिवळा पहिला आला, बाबुजी म्हणाले हा चांगला आहे, साफ आहे. दोन तासांनी पांढरा पुढं आला, मसाला त्याच्यातच सगळ्यात जास्त. निळा तोपर्यंत जवळजवळ गेला होता. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो अन् मला वाटत होतं की आता हे माझ्याच रॅकवरच्या बाटलीवर येऊन थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा गेलो. बाबुजींना पाचपैकी तीन कापडांचा वासच येईना, वयानं नाकाची ताकद कमी होते त्याला इलाज नाही. मायनं एक एक कापड घेतलं, पदराला हात पुसून, नाकाजवळ न नेता आधी हातात चुरगाळलं, मग हुंगलं. तीन कापडं डाव्या बाजूला ठेवली. दोन मांडीवर ठेवली. ती दोन पुन्हा पुन्हा आलटून पालटून पाहिली.

"हे दोन एकच होय," ती म्हणाली. "माया पेटीतलं हेच होय."

मांडीवर हिरवा होता अन् लाल होता.

म्हणजे ज्या अमेरिकन बाटलीला मी चुकीचा देश म्हणून बाजूला टाकलं होतं ती आणि इंग्लंडची, दुसऱ्या दिवशी सकाळी कापडावर मायच्या नाकाला सारखीच. माझं यावरून झालेलं मत असं, आणि एका घरातल्या एका नाकावरून आहे हे लक्षात ठेवून घ्या, की पहिल्या तासातल्या वासासाठी शोधायचं असेल तर देश पाहा अन् ताजा माल पाहा, जुन्याच्या मागं लागू नका. कापडावर राहणाऱ्या वासासाठी शोधायचं असेल तर काळ पाहा, देश दुय्यम. मी पेन्सिलनं देश शोधून काढला याचा मला आनंद आहेच, पण पासपोर्टवरचा १९८७ चा शिक्का जास्त कामाचा होता आणि तो मला पहिल्याच दिवशी दाखवला होता.

एक गोष्ट बाबुजींना बजावून सांगितली ती इथंही सांगतो, कारण आपल्याकडचं ऊन वेगळं आहे. जुन्या काळात अत्तराच्या धंद्यात मस्क अँब्रेट नावाचा बनावट मस्क पुष्कळ चालायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की तो लावून उन्हात गेलेल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर चट्टे येतात, आणि बरेच जण आफ्टरशेव्ह लावणारे होते. पुढे त्यावर बंधनं आली अन् युरोपात तो बंद झाला. त्यामुळं चाळीस वर्ष जुनी कोणतीही बाटली, कोणत्याही कंपनीची, गालावर लावून मे महिन्याच्या उन्हात फिरायचं नाही. कापडाला लावा. बाबुजींच्या बाबतीत तर वास पाहिजे होता तोही कॉलरलाच, त्यामुळं अडलं काही नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी सलूनमध्ये दाढी केली, तुरटी फिरवली, वरून माझ्या रॅकवरचा ताजा भारतीय लावला. कुर्त्याच्या कॉलरला आतून इंग्लंडचे दोन थेंब मायनं लावून दिले. मांडवात ४४ डिग्री होती. वरात लागली तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो अन् उठताना मला तो वास पहिल्यांदा खरा कळला, घाम, हळद, नवा कपडा अन् त्याच्या मागं गोडसर, जुन्या लाकडी पेटीतल्यासारखा. माय बाजूलाच उभी होती.

अमेरिकेची जुनी बाटली त्यांनी भाचीला देऊन दिली. इंग्लंडची मायच्या पेटीत आहे, शालीत गुंडाळून, अंधारात अन् त्यातल्या त्यात थंड जागेत, तिचं स्वतःचं मूळ झाकण घट्ट बसवलं आहे. दुधी काच असल्यामुळं किती उरलं ते दिसत नाही म्हणून महिन्यातून एकदा बाबुजी बाटली घेऊन दुकानात येतात, मी काट्यावर ठेवतो अन् वहीत तारीख टाकून आकडा लिहितो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आले होते. २४१ ग्रॅम भरली.

"किती दिवस चालते मग?" त्यांनी विचारलं.

"दोन थेंब लावले तर लय दिवस, बाबुजी."

"तिले सांग तसं," म्हणाले, "ते रोज पेटी उघडून पाहते."